बहिणीच्या वाफ्यात चांदी

फेब्रुवारी आला की आमच्या ज्युनिअर कॉलेजात बारावीच्या प्रॅक्टिकलचा हंगाम सुरू होतो. हंगामच म्हणते मी त्याला. मिठागरवाल्याच्या घरात जन्मलेल्या बाईला दुसरा शब्द सुचत नाही. पनवेलचं ऊन नेमकं याच दिवसांत टोचायला लागतं, प्रयोगशाळेचे पडदे धुवायला नेलेले असतात, आणि वीस-वीस मुलांच्या बॅचेस पांढरे कोट घालून परीक्षानळ्या हलवत उभ्या असतात. नळीतला क्षार ओळखायचा. त्यात सिल्व्हर नायट्रेटचे चार थेंब घालायचे, दह्याच्या कवडीसारखा पांढरा साका खाली बसला की लिहायचं, क्लोराइड आहे. मिठातलं ते हेच. "आला साका, मॅडम," म्हणत एखादी मुलगी नळी माझ्या नाकासमोर धरते. मी मान डोलावते, सही करते. त्या दिवशी मला डबा जात नाही.

चांदी आणि मीठ यांचं जमत नाही, हे अकरावी-बारावीच्या पोरांना येतं. मला ते पीएच.डी. करताना आलं नाही. गेली दहा वर्षं मी त्याच प्रश्नाला दुसऱ्यांना मार्क देते आहे. माझ्या बाबतीत कोणी परीक्षक नव्हता, एवढंच.

आमचं मिठागर खाडीला लागून होतं. पनवेलच्या बाजारातून रिक्षा करून उतरलं की आधी वास यायचा, चिखलाचा आणि उकडलेल्या उन्हाचा, मग डोळे बारीक करावे लागायचे. मार्च-एप्रिलमध्ये तिथे नुसता पांढरा उजेड असे. खालून ऊन, वरून ऊन. दिवाळी झाली की आबा, म्हणजे माझे वडील, बांध बांधायला घेत. मग वाफ्यांची जमीन पायांनी तुडवायची. घरातली, भावकीतली माणसं ओळीने उभी राहून एकाच तालात तुडवत, जमीन काचेसारखी गुळगुळीत होईपर्यंत. भरतीला बांधातली उघाडी, म्हणजे पाण्याचं दार, उघडली की खाडीचं पाणी आत येई, आणि मग ते या वाफ्यातून त्या वाफ्यात फिरवत न्यायचं, दर वाफ्यात थोडं अधिक जाड होत. शेवटच्या वाफ्यांत त्याच्यावर दुधासारखी साय धरायची. लहानपणी मी ती साय करंगळीने मोडायची आणि आबांचा ओरडा खायची. टाचांना भेगा पडायच्या, त्या भेगांत मीठ जायचं. शाळेत बाकाखाली मी पाय लपवून बसायचे. या सगळ्यातून सुटायचं म्हणून मी शिकले, हे आता कबूल करायला हरकत नाही.

शेवटच्या वाफ्यांत पाणी गुलाबी व्हायचं. नव्या माणसाला ते घाण वाटायचं. आबा म्हणायचे, "नितळ पानी आळशी असतंय. रंग धरला का मग ते कामाला लागतंय." गुलाबी पाणी लवकर तापतं आणि लवकर सुकतं, हे त्यांना त्यांच्या आबांनी सांगितलेलं. मी बी.एस्सी.ला असताना त्यांना ऐकवलं होतं की ते सूक्ष्म जीव आहेत, जंतू. "असतील," आबा म्हणाले. "कामाचे हायत."

सगळ्या वाफ्यांत एक वाफा वेगळा होता. दोन खाटा मावतील एवढासा, अगदी कोपऱ्यातला. त्याला बहिणीचा वाफा म्हणत. हंगामाच्या शेवटी, बाकी सगळं मीठ काढून झालं की त्या वाफ्यातलं काढायचं, आणि ते विकायचं नाही. ते लग्न होऊन गेलेल्या बहिणीच्या घरी जायचं. माझी आत्या करंजाला दिलेली. तिच्या घरी मासळी वाळवण्याचं काम. अंगणभर बोंबील टांगलेले आणि आत पिंपात खारवलेली सुरमई. वर्षभराच्या कामाला ती बाजारचं मीठ घेईच, पण घरात खायला आणि नवरात्रात देवीपुढे ठेवायला मीठ माहेरचं. वैशाखात आबा स्वतः गोणी घेऊन एसटीने करंजाला जात. आत्या दारातच गोणीचं तोंड सोडून एक खडा जिभेवर ठेवी, आणि मगच भावाला आत घेई. तिचं चोळी-लुगडं एखाद्या वर्षी चुकलं असेल, मीठ कधी चुकलं नाही.

पीएच.डी.साठी मी तेव्हा चांदीच्या मागे होते. चांदीचे कण, इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारो मावतील, पाण्यात तरंगत ठेवायचे आणि त्या पाण्यावर दिव्याचा उजेड सोडायचा. सिल्व्हर नायट्रेटचं पाणी उकळत ठेवून त्यात सायट्रेट थेंबथेंब सोडलं की थोड्या वेळाने ते पिवळं व्हायचं, लिंबाच्या सरबतासारखं. मग दोन बशा दोन तराजूंवर. एकीत साधं पाणी, दुसरीत चांदीचं. पडदे ओढून अंधार केला की दोन्ही बशा सारख्याच सुकायच्या. अंधारात चांदी काहीच करत नाही, नुसती पडून राहते. हॅलोजनचा दिवा लावला की मात्र चांदीची बशी पुढे निघायची. तराजूचे आकडे उतरताना दिसायचे. उजेड पाण्यातून आरपार जायचा तो कणांवर अडायचा, कण तापायचे, आणि कणाला चिकटलेलं पाणी आधी वाफ होऊन उडायचं. जे कण वर, पाण्याच्या तोंडाशी आले, ते जास्त काम करायचे. दिवसच्या दिवस मी ते आकडे लिहिले. पडदे बंद, दिवा चालू, दिवा बंद. माझ्या पीएच.डी.च्या सरांना त्यातून शोधनिबंध हवे होते आणि मला डिग्री. दोघांचंही सगळं त्या सुकत चाललेल्या पाण्यावर अवलंबून होतं.

आबांनी काय करतेस म्हणून विचारलं तर मी सांगायची, उजेडाने पाणी सुकवते. ते हसायचे. म्हणायचे, तेच तर आमी पण करतो, मग तुला कॉलेजात कशाला जायला लागतं. मला राग यायचा. माझं काम आणि त्यांचं काम एक नाही, हे दाखवून द्यायची एक हौसच होती मला. ती हौस नसती तर बरं झालं असतं.

दोन हजार सात सालचा तो हंगाम शेवटचा होता. जमीन गेली होती, कंटेनर ठेवायच्या कुठल्याशा आवाराला. कागदावर सह्या झालेल्या, एप्रिलच्या शेवटाला भराव टाकायला घेणार असं ठेकेदाराच्या माणसाने येऊन सांगितलेलं. हंगाम पुरा करू द्या म्हणून आबा त्याच्या मागे फिरले, तर त्याने मोठ्या मेहेरबानीने आठ दिवस जास्त दिले. आणि नेमकं त्या वर्षी आभाळ भरून यायला लागलं. पाऊस नाही, नुसतं मळकट आभाळ, दुपारी दोन तास ऊन आणि परत झाकोळ. मोठ्या वाफ्यांतलं मीठ आबांनी कसंबसं ओढून घेतलं. बहिणीचा वाफा, नेहमीप्रमाणे, शेवटी राहिला. त्यातलं पाणी गुलाबी झालं होतं पण साय धरत नव्हती. आबांनी बोटांत पाणी चोळून पाहिलं आणि म्हणाले, बारा दिवस तरी पाहिजेत. हातात आठ होते.

भराव सुरू होण्याची वाट बघत डंपर बांधापलीकडे उभे होते. आबा रोज सकाळी वाफ्यापाशी जाऊन उकिडवे बसायचे. पासष्टीचा माणूस, जन्मात कोणापुढे हात पसरला नाही, आणि वाफ्यातल्या पाण्याची आर्जवं करत बसल्यासारखा दिसायचा. बहिणीला यंदा काय नेऊ, एवढंच त्यांचं चाललं होतं. पुढच्या वर्षी न्यायला काही उरणार नव्हतंच. निदान शेवटची गोणी तरी घरची जावी, एवढी एकच गोष्ट त्यांनी त्या सगळ्या व्यवहारात मागितली, तीही आभाळाकडे.

मला तेव्हा कळवळा आला होता, हे खरं आहे. पण नुसता कळवळा असता तर मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले असते. मला अक्कल दाखवायची होती. मी आमच्या ओट्यावर दोन बशा मांडल्या, एकीत प्रयोगशाळेतलं शुद्ध केलेलं पाणी आणि दुसरीत माझं चांदीचं. दुपारच्या त्या दोन तासांच्या उन्हात चांदीची बशी डोळ्यांदेखत आधी सुकली. आबांनी बशीत बोट फिरवून पाहिलं. मग विचारलं, "माज्या वाफ्यात व्हईल का असं?"

"होणारच," मी म्हटलं.

ते "होणारच" मला अजून ऐकू येतं. मिठागराच्या घरातली मुलगी मी, आणि दोन वर्षांत एकदाही खाऱ्या पाण्यात तो प्रयोग करून पाहिला नव्हता. का पाहणार? आमच्या प्रयोगशाळेत मीठ म्हणजे विटाळ. नळाचं पाणीसुद्धा चालत नसे, भांडी तीन-तीनदा शुद्ध पाण्याने धुवायची, कारण मिठाचा अंश जरी लागला तरी कण एकमेकांना चिकटतात आणि द्रावण नासतं. सुरुवातीला माझी द्रावणं सारखी नासायची, तेव्हा सर सगळ्यांसमोर म्हणाले होते की घरून येताना हात धुऊन येत जा. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तेव्हापासून मी दारातच हात धुवायची, कोपरापर्यंत. घरचं मीठ दाराबाहेर ठेवायची इतकी सवय लागली की घरी परतल्यावर ते कशाचं बनलंय हेच विसरले. नियम पाठ होता. तो माझ्या बापाच्या वाफ्यालाही लागू आहे हे डोक्यात आलं नाही.

चार कॅन भरून पिवळं पाणी मी तयार केलं. दोन दिवस त्यातच गेले. सरांना विचारलं नाही. रिक्षात पायांशी कॅन धरून बसले, तेव्हा काय मिजास होती माझी. संशोधन लोकांच्या उपयोगी पडावं वगैरे वाक्यं मनात जुळवत होते.

आबांनी वाफ्याला हात जोडले आणि बाजूला झाले. मी कॅन ओतले. पहिल्या कॅनचं पिवळं पाणी गुलाबी पाण्यात शिरलं आणि क्षणभर केशरी दिसलं. फार सुंदर दिसलं. मग ते राखाडी झालं. बघता बघता, ढग पाण्यात उतरावा तसं. मला वाटलं नीट मिसळलं नाही, म्हणून मी फळीने ढवळलं आणि उरलेले तिन्ही कॅन ओतून टाकले. थांबायची बुद्धीसुद्धा झाली नाही. संध्याकाळपर्यंत तळाला काळपट गाळ बसला होता. तो गाळ म्हणजे माझे कण, एकमेकांना चिकटून, जड होऊन बुडालेले. वर तरंगून उजेड झेलायचा सोडून चिखलात जाऊन बसले. दोन-तीन दिवसांत पाण्याचा गुलाबी रंगही उतरला. चांदी जंतूंना मारते हे मला माहीत होतं. रंग चांदीने मारला, की मी ओतलेल्या पाण्याने आणि ढगांनी, ते आजही नक्की सांगता येत नाही. पण माझी चांदी बशीत जे करत होती, तेच तो रंग त्या वाफ्यात पिढ्यान्‌पिढ्या फुकट करत होता, आणि ते मला सांगणारा माणूस शेजारीच उभा होता.

आठ दिवसांत जे काही धरलं ते आबांनी ओढलं. दोन घमेली. राखेत लोळल्यासारखं मीठ. उन्हात ठेवलं तर आणखी काळं पडलं.

आबा माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. ते एवढंच म्हणाले की असू दे, घरात ठेवू, शेवटचं हाय. तिथेही मी शहाणपणा केला. म्हटलं, हे पोटात गेलं तर विषारी आहे, देवापुढेसुद्धा ठेवायचं नाही, घरात तर नाहीच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि घमेली खाली ठेवली. ती उचलून मी खाडीत ओतली. ओहोटी होती, चिखलावर ते काळं मीठ बराच वेळ तसंच पडून राहिलं. दोन दिवसांनी पहिला डंपर बांधावरून आत उतरला.

वैशाखात आबा करंजाला गेले ते पेणच्या एका ओळखीच्या मिठागरातलं मीठ घेऊन. गोणी आमची, सुतळी आमची, मीठ लोकांचं. मी सोबत होते. आत्याने दारात गोणीचं तोंड सोडलं, खडा जिभेवर ठेवला. आबा म्हणाले, आपल्या वाफ्याचं, शेवटचं. जन्मात मी त्यांना खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांना ते जमतही नव्हतं, मान खाली घालून चपला काढत बोलले. आत्याने खडा चघळला आणि म्हणाली, चला आत.

सरांना मी झालं ते सांगितलं, कॅन आणि केमिकलचा हिशोब लागत नव्हता म्हणून. मला वाटलं, आता काढून टाकतील. तर ते खूश झाले. म्हणाले, मिठाच्या पाण्यात टिकत नाही ही मर्यादा आपण लिहिलीच पाहिजे, परीक्षक विचारतात. वाफ्यातलं पाणी बाटलीत भरून आण म्हणाले. तोवर वाफ्यावर पुरुषभर भराव पडला होता. माझ्या एका रिकाम्या कॅनच्या तळाशी ओतताना वाफ्यातलं शिरलेलं थोडं पाणी होतं, त्यावर भागवलं. प्रबंधात त्या सगळ्याचं एक वाक्य झालं, इंग्रजीत. स्थानिक खाऱ्या पाण्याच्या नमुन्यात द्रावण स्थिर राहिलं नाही. पुढे पूर्णविराम. बाकी दीडशे पानं दिव्याखालच्या दोन बशांची. डिग्री मिळाली. तोंडी परीक्षेत त्या एका वाक्याबद्दल माझं कौतुक झालं.

काळ्या कापडात बांधलेला तो प्रबंध घरी आणला तेव्हा आबांनी हात पुसून मांडीवर घेतला. विचारलं, यात आपल्या वाफ्याचं नाव हाय का. मी हो म्हटलं. कुठं, म्हणाले. मी ते पान काढलं आणि त्यांचं बोट धरून त्या वाक्यावर ठेवलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी त्या ओळीवरून दोनदा बोट फिरवलं, सावकाश, पाणी जाड झालंय का बघायला फिरवायचे तसं. त्यानंतर घरी कोणीही आलं की प्रबंध बाहेर निघायचा. पान त्यांना आपसूक सापडायचं. पोरीनं आपला वाफा पुस्तकात घातला, असं सांगायचे. मी आत भांडी आवरत राहायची. नऊ वर्षं मी भांडी आवरली.

मागच्या फेब्रुवारीत आबा गेले. प्रॅक्टिकलच्या बॅचेस चालू होत्या, बाहेरचे परीक्षक आलेले, बाराव्यापुरती रजा मिळाली. सगळे पांगल्यावर आत्या मागे राहिली. ऐंशीच्या पुढची बाई, गुडघे गेलेले, पण नजर खडखडीत. खुंटीखालच्या फळीवर प्रबंध होता, तिने तो मागून घेतला. भावाने तिलाही ते पान कितीदा दाखवलं होतं. वाच म्हणाली. त्यानं दाखवलं, वाचून कोनी दाखवलं नाय.

ते पान तर आता आपोआप उघडतं. कोपरा मऊ पडलेला, ओळीवर बोटाचा पिवळा डाग. मी वाचायला लागले. इंग्रजी ओळीवर बोट ठेवून मराठीत रचत गेले. पनवेलच्या खाडीकाठी एक जुना वाफा होता, त्याला बहिणीचा वाफा म्हणत, तो अमक्या घराण्याचा, तिथलं गुलाबी पाणी लवकर सुकतं ही गोष्ट माझ्या वडिलांनी मला सांगितली. मला स्वतःचाच आवाज चांगला वाटला. खरं तर असंच लिहायला हवं होतं मी.

आत्या ऐकून घेत होती. झाल्यावर म्हणाली, "तुजा आबा बी असाच मान खाली घालून बोलला व्हता. आपल्या वाफ्याचं हाय म्हनून. मना खडा जिभेवर ठेवल्याबरोबर समजलं. मी गप ऱ्हायले."

मग तिला मी खरी ओळ सांगितली. स्थानिक खाऱ्या पाण्याच्या नमुन्यात द्रावण स्थिर राहिलं नाही.

"येवडंच?"

"एवढंच."

आणि मग बाकीचंही सांगून टाकलं, चार कॅन, राखाडी पाणी, उतरलेला रंग, दोन घमेली. रडले नाही. प्रॅक्टिकलमध्ये मुलं घडाघडा निरीक्षणं सांगतात तसं सांगितलं. आत्याने मधे एकदाच विचारलं, ते काळं मीठ कुठं हाय. खाडीत ओतलं, मी म्हटलं. आबा ठेवू म्हणत होते, मीच ओतलं. खाण्यासारखं नव्हतं ते, आत्या.

तिने प्रबंध मिटला आणि माझ्या हातात दिला.

"खायाला कोन मागत व्हतं गो बाय," ती म्हणाली. "काळं तर काळं. माजं व्हतं ते."